सालवडच्या कोनाड्यातला नारळ

सायंसंध्येचे अर्घ्य देण्यासाठी मी ओंजळीत पाणी घेतले होते आणि फाटकाशी रामसुमेर उभा राहिलेला दिसला. सालवडच्या चाळीतला हा भाडेकरू पालघरला माझ्या घरी कधी रिकाम्या हाताने येत नसे. मथुराबाईंनी धाडलेली चार केळी, एखादा निरोप, नाहीतर ‘गुरुजींना विचारून ये’ म्हणून सोपवलेला प्रश्न त्याच्याबरोबर असायचाच. त्या दिवशी त्याचे हात मोकळे होते. तो पायरीवर बसला आणि एवढेच म्हणाला, “पंडितजी, मौसी गई.” मी ओंजळीतले पाणी सोडले... ते अर्घ्य सूर्याला पोचले की मथुराबाईंना, हे माझे मलाही सांगता येणार नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसाविषयी गोड बोलावे असा आपल्याकडे संकेत आहे आणि तो मी आजवर पाळत आलो. परंतु मथुराबाईंविषयी सध्या जे गोड बोलले जात आहे ते ऐकून हा लेख लिहिणे मला भाग पडले. बोईसरच्या शोकसभेत एका वक्त्याने त्यांना अन्नपूर्णा म्हटले, दुसऱ्याने गोरगरिबांची माउली. हेच सद्गृहस्थ त्या हयात असताना त्यांना ‘चाळवाली’ म्हणत आणि त्यांची पाठ वळली की हसत. म्हणून नम्रपणे, परंतु कोणाचीही भीड न धरता सांगतो, की मथुराबाई माउली नव्हत्या, त्या मालकीण होत्या. सातपाटीच्या या कोळणीने कर्ज काढून खोल्या बांधल्या, त्या भाड्याने दिल्या, पगाराच्या दुसऱ्या दिवशी चाळीच्या पायरीवर बसून भाडे घेतले, आणि यात काही उणेपणा आहे असे त्यांना क्षणभरही वाटले नाही. त्यांचा धर्म त्या व्यवहाराच्या आतच नांदत होता. व्यवहार पुसून टाकून मागे नुसती दया ठेवायची, हा त्यांचा गौरव नव्हे. ती त्यांची मिळकत काढून घेण्याची आणखी एक सभ्य रीत आहे.

आमची पहिली भेट सत्तरच्या दशकाच्या आरंभी सातपाटीच्या किनाऱ्यावर झाली. त्यांचे यजमान तांडेल होते, होडी त्यांच्या हुकमाने चाले. एका वादळातून होडी परतली, ते परतले नाहीत. देह हाती लागला नाही तर शास्त्राने पालाशविधी सांगितला आहे. पळसाच्या पानांची मनुष्याकृती रचावी आणि तिलाच अग्नी द्यावा. त्यांचे नेहमीचे उपाध्याय आजारी होते म्हणून मला बोलावणे आले. मी वाळूवर पाने मांडत होतो. मस्तक, बाहू, उदर... भोवती बायकांचा आकांत चालला होता. मथुराबाई मात्र माझ्या हातांकडे एकटक पाहत होत्या. मध्येच म्हणाल्या, “गुरजी, खांदे जरा रुंद करा. तो असा नव्हता.” मी आणखी पाने घेऊन खांदे रुंद केले. शास्त्रात तसे सांगितलेले नाही. तसे करू नये असेही कोठे सांगितलेले माझ्या वाचनात नाही.

त्यानंतर त्या डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बोईसरला जाऊ लागल्या. औद्योगिक वसाहत तेव्हा नवी होती. नवनवे कारखाने उभे राहत होते, माणसे मराठवाड्यापासून बिहारपर्यंत कुठून कुठून येत होती, आणि त्या माणसांना पाठ टेकायला जागा नव्हती. एका खोलीत तीन पाळ्यांचे कामगार राहत आणि एकाच बाजेवर पाळीपाळीने झोपत. मथुराबाईंनी ते मला एकदा सांगितले, तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता. “बाज कदी थंड होत नाय, गुरजी. एक उठतो, त्याच्या घामावर दुसरा निजतो. त्यातला एक पोरगा मला इचारतो, मौसी, मला ताप आला तर मी निजू कुठं? दिवसाची बाज माझी, रातची दुसऱ्याची. आता सांगा, तापाला काय पाळी असते?” तो पोरगा म्हणजेच आपला रामसुमेर. त्या प्रश्नाने ही चाळ बांधली असे मी मानतो.

अंगावरचे सोने मोडून त्यांनी बोईसरला लागून असलेल्या सालवडला जमिनीचा तुकडा घेतला तेव्हा सातपाटीत मोठा गहजब झाला. कोळणीच्या हाती पैसा आला तर तो दुसऱ्या होडीत जावा, जाळ्यात जावा, असा तिथला समज. दिरांनी भर ओटीवर सुनावले, की आपला पैका दर्याचा, तो मातीत घालू नये. मथुराबाई सुपात तांदूळ पाखडता पाखडता म्हणाल्या, “मातीत घातलेलं भरती नेत नाय, भावजी.” पुढे बांधकामासाठी त्या पालघरच्या एका बँकेत गेल्या. मी तिथे माझ्या कामासाठी बसलो होतो, त्यामुळे संवाद माझ्या कानांनी ऐकलेला आहे. अधिकाऱ्याने विचारले, “यजमान कुठे असतात?”

“दर्यात हायत.”

“परत आले की सहीला घेऊन या.”

“तेराव्याला बी आले नायत, साहेब. तुमी बोलावून बघा, तुमचं ऐकतील.”

बँकेने कर्ज दिले नाही. एका पतपेढीने तयारी दाखवली, पण जामीन हवा होता. मथुराबाई आमच्या अंगणात आल्या, पाटी बाहेर ठेवली आणि उभ्यानेच म्हणाल्या, “तुमी पानाचे खांदे रुंद केले व्हते, गुरजी. आता माझ्या जामिनाला तुमचा खांदा द्याल काय?” मी सही दिली. घरी सौभाग्यवतींनी विचारले, मासळीच्या पैशाला आपण जामीन राहायचे का? मी म्हटले, लक्ष्मी समुद्रातूनच निघाली आहे. त्यावर त्यांनी वाद घातला नाही, मात्र चार दिवस माझ्या पानातली आमटी बरीच पातळ होती.

चाळीची पहिली रांग उभी राहिली आणि वास्तुशांतीचा प्रश्न आला. आमच्यातल्याच काही वैदिकांनी नाके मुरडली. भाड्याच्या खोल्यांची कसली वास्तुशांत, ती स्वतःच्या घराची करतात. मथुराबाईंपर्यंत हे पोचले तेव्हा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “खोली भाड्याची हाय. आत राहील तो मानूस काय भाड्याचा असतो?” या प्रश्नापुढे मी माझे सारे अध्ययन उलगडून पाहिले. वास्तोष्पतीची आपण जी प्रार्थना करतो तिच्यात घर निरोगी असो, द्विपाद आणि चतुष्पाद सर्वांना ते सुखाचे होवो, असे मागणे आहे. खरेदीखताचा उल्लेख तिथे मला आढळला नाही. मी प्रत्येक खोलीत जाऊन पाणी शिंपडले. प्रत्येक खोलीत मथुराबाईंनी स्वतः चुलीवर दूध ठेवून उतू घालवले, आणि पुढेही नवा भाडेकरू आला की मग तो कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो, त्या दुधाचे भांडे घेऊन हजर असत.

त्यांची व्यवस्था कडक होती. नळावर भांडण करायचे नाही, दारू पिऊन दारात यायचे नाही, दिवाळीपूर्वी मालकीण चुना देईल आणि भाडेकरू हात लावेल. ज्याची रात्रपाळी असेल त्याने सकाळी दाराच्या कडीला फडके बांधून झोपायचे. फडके दिसले की त्या दारासमोर कोणी भांडी घासायची नाहीत, मुलांनी ओरडायचे नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, त्या भाड्याची पावती देत. तेव्हा सालवडला कोणी चाळमालक पावती देत नसे. उलट भाडेकरूचा हक्क लागू नये म्हणून त्याला थोड्या थोड्या महिन्यांनी या खोलीतून त्या खोलीत हलवत. ‘पावती दिली की खोली गेली’ हे त्यांचे सुभाषित होते. मथुराबाईंना ते कधीच पटले नाही. “खोली माझी हाय हे त्याला ठावं. राहतो तो हे मला ठावं. मग कागदाला काय लपवायचं?” त्या पावत्यांवर माणसांना शिधापत्रिका मिळाल्या, मुलांची नावे शाळेत गेली. मालकिणीची खोलीही कुठे गेली नाही.

त्यांची खरी परीक्षा ऐंशीच्या दशकात झाली. ज्या रसायनांच्या कारखान्यात चाळीतले बहुतेक लोक कामाला होते त्याला टाळे लागले. चाळीची दुसरी रांग तोवर बांधून झाली होती, तिच्या कर्जाचे हप्ते चालू होते आणि त्या कर्जावरही जामीन म्हणून माझीच सही होती. त्याच सुमारास मनोरकडून एक बिल्डर येऊ लागला. जागा मोक्याची होती. त्याची अट एकच होती, चाळ रिकामी करून द्या. मथुराबाईंचा मुलगा गजानन यांत्रिक बोटीच्या स्वप्नाने झपाटलेला होता. त्याचे म्हणणे सरळ होते: भाडे येत नाही, भाडेकरू काढा, चाळ विका, बोट घ्या. त्याला मी दोष देत नाही. बापाचा दर्या त्याला परत हवा होता.

मथुराबाईंनी मला सालवडला बोलावून घेतले. चाळीच्या तोंडाशी, नळाच्या वर भिंतीत एक कोनाडा आहे. त्यांच्या हातात नारळ होता. त्यांच्या सासरची एक रीत होती. पावसाळ्यात दर्या बंद झाला आणि होडी वाळूवर ओढली, की देवाजवळ एक नारळ ठेवायचा. तो तिथे असेतोवर तांडेलाने खलाशाकडे दिलेली उचल परत मागायची नाही, आणि खलाशाने ती होडी सोडून दुसऱ्याच्या होडीवर जायचे नाही. नारळी पौर्णिमेला तो दर्यात सोडला की दोघेही पुन्हा आपापल्या शब्दाला मोकळे. हीच रीत त्यांनी चाळीला लावली. साऱ्या भाडेकरूंना नळापाशी उभे करून त्या म्हणाल्या, “कारखाना बंद, म्हंजे दर्या बंद. नारळ हितं हाय तवर भाडं नाय. कोनी खोली सोडायची नाय.”

एकाने भीत भीत विचारले, भाडे माफ का? त्या फणकारल्या. “माफ नाय, बंद! माफ करायला मी काय देवी हाय? जो मासा धरलाच नाय त्याचा वाटा मागू कुठून?” मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, “गुरजी, तुमची सही अडकली हाय. भ्या वाटतं?”

“वाटते,” मी म्हणालो.

“मला बी. घ्या, मंत्र म्हना.”

दुसऱ्याच दिवशी आसपासचे चाळमालक त्यांच्या दारात आले. तुम्ही भाडे बंद केलेत तर उद्या आमचे भाडेकरूही आमच्या दारात उभे राहतील, अशी तक्रार होती. मथुराबाई म्हणाल्या, “उभे कशाला ठेवता? बसाया पाट द्या.” आणि त्यांनी आत जाऊन चहाचे आधण ठेवले. तो चहा कोणी घेतला नाही.

हप्ते मात्र बंद होत नव्हते. उतरत्या वयात मथुराबाईंनी पुन्हा डोक्यावर पाटी घेतली, सुकी मासळी घेऊन मनोरच्या बाजारापर्यंत जाऊ लागल्या. चाळीतल्या रिकाम्या हातांना त्यांनी सातपाटीला नेले. कोणी जाळी शिवू लागले, कोणी बर्फ वाहू लागले, कोणी बांबूंच्या काठ्यांवर बोंबील टांगू लागले. या मजुरीतून त्यांनी भाड्याचा एक पैसा कापून घेतला नाही. नारळ कोनाड्यात होता. रामसुमेर गळ्यात कंठी घालणारा, कांद्यालाही न शिवणारा. तो नाकाला पंचा बांधून बोंबील टांगायचा आणि सातपाटीच्या बाया त्याला हैराण करायच्या. “ए रामसुमेर, बोंबलाला वास नाय रे, तुझ्याच नाकाला हाय!” त्यावर तो म्हणायचा, “हमरी नाक गाँव में गिरवी है, चाची, यहाँ जो है ऊ उधार की है.” त्या हसण्याच्या आडून मथुराबाईंनी तो काळ पार केला. एका हप्त्यालाही उशीर झाला नाही. माझ्या दारात पतपेढीचा माणूस कधी आला नाही. आणि कारखान्याचे टाळे निघाले त्या दिवशी चाळच्या चाळ तो सुकून खडखडणारा नारळ घेऊन सातपाटीला गेली. एकही खोली रिकामी झालेली नव्हती. पुढच्या पगाराच्या दुसऱ्या दिवशी मथुराबाई पायरीवर बसल्या आणि त्यांनी पुरते भाडे घेतले, पुरती पावती दिली. ज्यांना त्या दिवसाचे रूप ठाऊक नाही त्यांनी त्यांना खुशाल माउली म्हणावे.

आता अलीकडचे सांगतो. मथुराबाईंना अग्नी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी गजाननने चाळीत जाऊन कोनाड्यात नारळ ठेवला आणि आईच्या दुखवट्यात मी भाडे घेणार नाही असे सांगितले. साऱ्या सालवडने त्याची वाहवा केली. रामसुमेर मात्र दहाव्याला मला बाजूला घेऊन म्हणाला, “पंडितजी, कारखाना तो चालू है. फिर दरिया काहे बंद?” मनोरचा तो बिल्डर, आता केस पांढरे झालेला, पुन्हा दिसू लागला होता हे मलाही कळले होते. आणि भाडे घेणे थांबवणे ही भाडेकरू काढण्याची पहिली पायरी असते, हे आमच्या भागात लहान मुलालाही समजते. जे भाडे घेतलेच नाही त्याची पावती नाही. ज्याची पावती नाही तो उद्या कोण? गजाननच्या मनात तेच होते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पुढे कर्ज काढून घेतलेल्या बोटीने त्याला दमवले होते, मासळी आटत चालली होती... पण नारळ कोनाड्यात होता, एवढे खरे.

“अब का करें?” रामसुमेरने विचारले.

मी माझ्या अधिकारातले तेवढेच बोललो. “ठेवलेला नारळ कोनाड्यातून उचलून घरी नेता येत नाही. तो दर्यालाच द्यावा लागतो.”

“कौन देगा?”

“जाळे टाकायची ज्याची तयारी असेल त्याने.”

चौदाव्या दिवशी निधनशांतीसाठी मी सातपाटीला गजाननच्या घरी बसलो होतो. ओटीवर बिल्डरचा माणूस चहा घेत होता. इतक्यात गल्लीतून माणसांचा लोंढा आला. पुढे रामसुमेर, मागे चाळीतले पुरुष, बायका, कडेवरची मुले, काहींचे पाय गुडघ्यापर्यंत ओले आणि वाळूने भरलेले. नारळ सोडून ते थेट किनाऱ्यावरून आले होते. रामसुमेरने गजाननपुढे हात जोडले. “भाऊ, दर्या उघडला. भाडं घ्या.”

गजाननचा चेहरा उतरला. “आईचं दुःख चालू हाय. मी आता...”

“मौसी के दुख में हम भी हैं, भाऊ. पर मौसी ने पगार के दूसरे दिन कभी छुट्टी नहीं ली.”

“आनि मी नाय घेतलं तर?”

गर्दीतून सखू पुढे आली. जव्हारकडच्या डोंगरातून कामाला आलेली ही बाई चाळीच्या शेवटच्या खोलीत राहते आणि एरवी तिचा आवाज कोणी ऐकलेला नाही. ती म्हणाली, “तर आमी हितंच बसतूं. बसाया पाट दे.”

मग गजाननच्या तोंडून जो आवाज फुटला तो हुंदका होता की हसू, हे मला सांगता येणार नाही. “आयवानी बोलतेस गं,” तो म्हणाला. आत गेला, मथुराबाईंच्या पेटीतून पावतीपुस्तक काढून आणले आणि ओटीवर मांडी घालून बसला. बिल्डरच्या माणसाने उरलेला चहा तसाच ठेवला आणि चपला शोधू लागला. गजाननने मान वर केली नाही. त्याने पहिले नाव सखूचे लिहिले.

पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. बिल्डर पुन्हा येईल, गजाननचे मन पुन्हा डळमळेल, जमिनीचे मोल वाढतच जाईल. परंतु ‘आता जुने दिवस गेले, असे चालायचे नाही’ असे जे मला समजावतात त्यांना मी एवढेच म्हणतो, की ते जुन्या दिवसांतही सहज चाललेले नव्हते. एका बाईने ते चालवले होते, आणि तिच्यामागे तिचे भाडेकरू ते चालवीत आहेत. माझी सही आजही कोणाला हवी असेल तर हात अजून थरथरत नाही.

परवा मी सालवडला गेलो होतो. नळावर पाणी आले होते आणि वरचा कोनाडा रिकामा होता. तळाला नारळाच्या शेंडीचे दोन धागे चिकटलेले होते. तिथे मथुराबाईंच्या नावाने एक दिवा लावावा असे माझ्या मनात आले आणि मी रामसुमेरला तसे म्हणालो. त्याने मान हलवली. “खाली रहने दीजिए, पंडितजी. खाली है मतलब दरिया चालू है.” मी त्याला आणखी काही सांगणार होतो, पण त्याने ओठांवर बोट ठेवून समोर दाखवले. पलीकडच्या एका दाराच्या कडीला फडके बांधलेले होते. आम्ही दोघे आवाज न करता तिथून पुढे गेलो.